कॅराव्हॅन ओढायला गाडी घेताय? आधी वजनकाट्यावर या

आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या एका काकाजींनी निवृत्तीनंतर कॅराव्हॅन बांधून घेतली. सोळा फुटी, एकाच एक्सलची म्हणजे दोनच चाकांची, आत चौघांची झोपायची सोय, ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलर. बांधणाऱ्याने कागदावर वजन लिहून दिलं होतं ११०० किलो. घरची कॉम्पॅक्ट एसयूव्ही स्वतःच बाराशे किलोच्या आसपास. ती हे धूड ओढणार नाही एवढं काकाजींना कळत होतं. म्हणून ती विकून मोठी फोर बाय फोर, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, घ्यायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आले. "सगळ्यात ताकदवान गाडी कोणती रे बेटा?"

मी म्हटलं, काकाजी, गाडीचं नंतर बघू. उद्या सहलीला निघाल्यासारखी कॅराव्हॅन भरा. पाणी, गॅस, गाद्या, भांडी, सगळं. मग वाडीला जाऊ, वजनकाट्यावर.

लोक गाडीपासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. शोरूममध्ये इंजिन, सनरूफ, फोर बाय फोरचा गोल खटका बघतात, बुकिंग करतात आणि मग तिच्या मागे काय लावता येईल याचा विचार करतात. हे उलटं व्हायला हवं. मागे काय लावायचंय, ते भरल्यावर नेमकं किती भरतं आणि त्यातला किती भार गाडीच्या शेपटीवर येतो, हे तीन आकडे हातात असले की शंभर गाड्यांची यादी आपोआप चार-पाचांवर येते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका भावाची पिकअप मागून आणली आणि कॅराव्हॅन वाडीला नेली. अमरावती रोडवर एक ट्रक बाजूने गेला तशी मागची कॅराव्हॅन डावी-उजवी डुलली. वेग जेमतेम पन्नास. पिकअपवाला भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाला, "मागून कोनी तरी शेपटी धरून हलवते असं वाटते भाऊ." कारण काट्यावर सापडलं.

कॅराव्हॅन पिकअपपासून सोडवली, पुढच्या छोट्या टेकू-चाकावर उभी केली आणि संपूर्ण काट्यावर घेतली. १४६० किलो. कागदापेक्षा ३६० किलो जास्त. काकाजींचा चेहरा उतरला, पण बांधणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याने मोकळ्या डब्याचं वजन लिहिलं होतं. त्यात पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे १०० किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो आणि लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच वेगळं. छोटा जनरेटर ४० किलो. त्यावर बॅटरी, एसी, गाद्या, मंडपाचं कापड, खुर्च्या आणि काकूंनी भरलेला पंधरा दिवसांचा किराणा. प्रत्येक कॅराव्हॅन अशीच फुगते. म्हणून कागदावरचं वजन धरून गाडी निवडू नका, काट्याची पावती धरून निवडा.

मग कॅराव्हॅन थोडी पुढे ढकलली. तिची दोन मोठी चाकं काट्यावर आणि टेकू-चाक काट्याबाहेर जमिनीवर. आता आकडा आला १४०० किलो. म्हणजे उरलेले ६० किलो पुढच्या दांड्यावर होते. जोडल्यावर गाडीच्या बॉलवर, म्हणजे मागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर कॅराव्हॅन अडकते त्यावर, टेकतो तो भार हाच. ट्रकच्या काट्याची पायरी १० किलोची असते, त्यामुळे हा आकडा थोडा इकडे-तिकडे असणार. घरी तोच आकडा नीट काढायचा तर दांड्याखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसं वजन करतात तो काटा ठेवला की झालं.

१४६० पैकी ६० म्हणजे चार टक्के. ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅनवाले साधारण दहा टक्के धरतात, ब्रिटनमध्ये हलक्या कॅराव्हॅनला पाच ते सात टक्के. चार टक्के या दोन्हींपेक्षा कमीच.

बंडी उलाळ झाली की काय होतं

हे समजून घ्यायला इंजिनिअर असायची गरज नाही. ज्याने लहानपणी बैलबंडीत कापूस भरताना पाहिलाय त्याला हे माहीत आहे. बंडीला दोनच चाकं. माल मागे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, बंडी उलाळते. माल पुढे जास्त झाला की जू मानेवर रुततं, बैल दमतात. आमचे आजोबा बंडी भरून झाल्यावर जुवाला हात घालून थोडं उचलून बघत आणि मग म्हणत, "एक पोतं पुढे घे." त्या एका पोत्याने बंडी बैलांच्या मानेवर बेताने बसायची. एका एक्सलच्या कॅराव्हॅनचं गणित अगदी तेच आहे. जुवाच्या जागी बॉल, बैलांच्या जागी गाडी.

फरक एवढाच की बंडी ताशी चार-पाच किलोमीटरने चालते आणि कॅराव्हॅन ऐंशीने. मागे जड असलेली कॅराव्हॅन वेगात उलाळून थांबत नाही, ती झुलू लागते. ट्रकच्या हवेचा धक्का, वाऱ्याची झुळूक, रस्त्यातला एखादा खड्डा, कशानेही सुरुवात होते. पहिला झोका लहान, दुसरा मोठा, तिसरा गाडीच्या मागच्या चाकांना सोबत ओढून नेणारा. सापाच्या चालीसारखं हे झुलणं एका ठराविक वेगापर्यंत आपोआप शमतं, त्या वेगाच्या पुढे आपोआप वाढतं. जड वस्तू दोन टोकांना ठेवल्या की तो वेग खाली येतो. त्याच वस्तू एक्सलच्या आसपास, खाली, जमिनीलगत ठेवल्या की वर जातो.

असं झुललं तर काय करायचं हेही इथेच सांगतो, कारण त्या क्षणी आठवावं लागतं. स्टिअरिंगने झोका तोडायचा प्रयत्न करू नका, त्याने झोका वाढतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग उतरू द्या. कॅराव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि त्यांचा खटका केबिनमध्ये असेल, तर फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हलके लावा. मागून ओढ बसली की झुलणं थांबतं.

काकाजींच्या कॅराव्हॅनमध्ये जनरेटर अगदी शेपटीला, एक्सलच्या दोन मीटर मागे होता. तो दांड्यावर, एक्सलच्या दोन मीटर पुढे आणला. बॉल एक्सलपासून चार मीटर पुढे. ४० किलो वजन चार मीटर सरकलं, म्हणून बॉलवर ४० किलो वाढले. पाण्याची टाकी एक्सलच्या एक मीटर मागे होती. ती रिकामी करून प्रवास करायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर भरायची असं ठरलं. त्याने आणखी २५ किलो. आता एकूण १३६० आणि बॉलवर १२५, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. परतताना त्याच अमरावती रोडवर ट्रक गेले आणि कॅराव्हॅन पिकअपच्या मागे गुमान चालत राहिली. गाडी बदलली नव्हती, रुपया खर्च झाला नव्हता.

गाडीच्या पाठीवर किती जागा उरते

आता गाडीकडे. इथे एक हिशेब आहे, जो भारतात मी फार कमी लोकांना करताना पाहिलंय आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे.

प्रत्येक गाडीची दोन वजनं असतात. एक मोकळ्या गाडीचं, त्याला कर्ब वेट म्हणतात. दुसरं, माणसं-सामानासकट जास्तीत जास्त किती, ते म्हणजे जीव्हीडब्ल्यू. दोन्हींमधला फरक म्हणजे पेलोड, गाडीच्या पाठीवर किती लादता येतं तो आकडा. आणि बॉलवरचा भार हा पेलोडमध्येच मोजायचा असतो. तो मागे चालणाऱ्या कॅराव्हॅनचा असला तरी गाडीच्या मागच्या स्प्रिंगवर बसलेला असतो.

समजा मोठी एसयूव्ही, मोकळं वजन २१५०, जीव्हीडब्ल्यू २७५०. पेलोड ६००. दिसायला भरपूर. आता पाच माणसं, सरासरी सत्तर किलो धरली तर ३५०. डिकीतलं सामान १००. छतावर कॅरिअर आणि तंबू ६०. बॉल ज्यावर बसतो ती टो-हिचची लोखंडी चौकट ३०. झाले ५४०. उरले ६० किलो. आणि आपल्याला बॉलवर १२५ टाकायचेत. म्हणजे अडीच टन ओढायची ताकद असलेली गाडी दीड टनाच्या आतल्या कॅराव्हॅनने ओव्हरलोड झाली, आणि इंजिनला त्याचा पत्ताही नाही. इंजिन खुशाल ओढत राहील. सोसतील ते मागचे स्प्रिंग, मागचा एक्सल, मागचे टायर.

म्हणून सात सीटची गाडी सात माणसं भरून कॅराव्हॅन ओढण्यासाठी आहे असं समजू नका. तिसरी रांग बहुधा दुमडलेलीच राहणार.

यावर आणखी एक पेच. बॉल मागच्या एक्सलच्या बराच मागे असतो, साधारण सव्वा मीटर. त्यामुळे गाडी तराजूसारखी वागते. मागचा एक्सल टेकू, शेपटीवर भार, नाक वर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २.७५ मीटर, बॉल एक्सलच्या १.२ मीटर मागे आणि भार १५० किलो धरला तर मागच्या एक्सलवर १५० नव्हे, २१५ किलो वाढतात. वरचे ६५ येतात पुढच्या चाकांवरून. म्हणजे ज्या चाकांनी गाडी वळते आणि जी ब्रेक लावताना सगळ्यात जास्त काम करतात, तीच हलकी होतात. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात ते वेगळंच.

हे लक्षात ठेवलं की व्हीलबेसचं महत्त्व कळतं. दोन एक्सलमधलं अंतर जास्त तितकी गाडी मागच्या धक्क्याला दाद देत नाही. तीन दरवाज्यांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. चिखलात, नाल्यात ती उत्तम आहे, माझी आवडती आहे, पण सोळा फुटी कॅराव्हॅन मागे लावायला मी ती सुचवणार नाही. फॉर्च्युनर २७४५, स्कॉर्पिओ-एन २७५०, थार रॉक्स २८५०, हायलक्स ३०८५, इसुझूची व्ही-क्रॉस ३०९५. पिकअप इथे पुढे दिसतात. पण त्यांची शेपटीही लांब असते, एक्सलपासून बॉल आणखी मागे जातो, आणि लांब व्हीलबेसचा बराचसा फायदा तिथे परत जातो. म्हणून नुसता व्हीलबेस बघू नका. टेप घेऊन मागच्या चाकाच्या मध्यापासून बॉलच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला व्हीलबेसने भागा. हा भागाकार जितका लहान तितकं बरं.

ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड हवी, हेही त्यातलंच. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, अनुभवाचा सल्ला आहे, पण फार उपयोगी आहे. काकाजींच्या १४६० किलोंना तो लावला तर गाडी किमान १७२० किलोची हवी. म्हणजे त्यांना डोंगराएवढी गाडी लागतच नव्हती.

ओढण्यापेक्षा थांबवणं

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना आपण सुमारे ७०० मीटर वर चढतो. चढताना सगळं लक्ष इंजिनवर असतं. खरी परीक्षा उतरताना. २२०० किलोची गाडी आणि मागे १५०० किलो, एकूण ३७०० किलो जेव्हा ७०० मीटर खाली येतात तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण ८५ लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत जाईल. ती सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ती डिस्कमध्ये जाते, तिथून ब्रेक ऑइलमध्ये, आणि मग एका वळणावर पेडल मऊ लागतं. म्हणून जुने ट्रकवाले सांगतात तेच करायचं. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हाताने खाली ठेवता येतो, ती सोय कशी वापरायची हे शोरूममध्येच समजून घ्या.

कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वर ब्रेक नसलेला ट्रेलर चालत नाही, आणि तो आकडा आपण आपल्यासाठीही पाळावा. दोन प्रकार आहेत. एकात गाडी हळू झाली की कॅराव्हॅन मागून दांडा दाबते आणि त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात. साधं आहे, वायर नको, काही नको. पण लांब उतारावर कॅराव्हॅन सतत ढकलत असते, म्हणून तिचे ब्रेक सतत घासत राहतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक. केबिनमधल्या छोट्या डबीतून ब्रेकचा जोर कमी-जास्त करता येतो आणि मघाशी सांगितला तसा झोकाही तोडता येतो. मेळघाटात किंवा पचमढीला जायचा बेत असेल तर मी दुसऱ्यावर पैसे घालीन. सोबत सुरक्षा साखळी आणि कॅराव्हॅन गाडीपासून सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी तार. यात काटकसर नको.

आणि वेग. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर दीडपटीहून जास्त. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर जातो, कारसाठी १२० ची मर्यादा आहे, आणि तो रिकामा, सरळ रस्ता पायाला मोह घालतो. तिथेही कॅराव्हॅन मागे असताना ऐंशी, फार तर नव्वद. जर्मनीत साधारणपणे ८० चीच मर्यादा आहे, खास परवानगीने १००. ज्या देशात कित्येक ठिकाणी वेगमर्यादाच नाही तिथला हा नियम आहे.

ताकद, उष्णता आणि तो फोर बाय फोरचा खटका

काकाजींचा मूळ प्रश्न ताकदीचा होता. आठ टक्के चढावर, ताशी चाळीसने, ३७०० किलो वर न्यायला फक्त चढासाठी साधारण ४३ हॉर्सपॉवर लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरून साठ. आज कुठल्याही मोठ्या डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट आहे. हॉर्सपॉवरची कमतरता हा प्रश्नच नाही. हवा आहे तो खालच्या आरपीएमला मिळणारा टॉर्क, म्हणजे जागेवरून उठताना आणि चढावर वेग पडल्यावर इंजिन न ओरडता ओढेल. फॉर्च्युनरच्या २.८ डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर, त्याच इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ४२०. स्कॉर्पिओ-एनमध्ये ऑटोमॅटिकला ४००, मॅन्युअलला ३७०. इंजिन तेच, पण मॅन्युअलला टॉर्क कमी. ओढकामाला मी ऑटोमॅटिक घेईन. चढावर अर्ध्या क्लचवर वजन धरून ठेवलं की क्लच जळतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्याला तो प्रश्न नाही.

पण त्याला उष्णतेचा प्रश्न आहे, आणि नागपुरात तो मोठा आहे. कन्व्हर्टर हळू वेगात घसरत चालतो, ती सगळी घसरण गिअरबॉक्सच्या तेलात उष्णता होऊन उतरते. रेडिएटर थंड ठेवतो तो त्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर. पाणी शंभर अंशांच्या आसपास आणि बाहेर पंचवीस असेल तर फरक पंचाहत्तरचा. आपल्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, फरक पंचावन्नवर येतो. थंड करायची क्षमता पाव भागाहून जास्त गेली, आणि एसी मात्र पूर्ण चालू. म्हणून विचारायचा प्रश्न असा की गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर आहे का. आणि उन्हाळ्यात निघायचं तर पहाटे चारला निघा. नऊपर्यंत पोचा.

हवेचंही ओझं असतं. कॅराव्हॅन म्हणजे रस्त्यावर उभी धरलेली भिंत. तिला हवेतून ढकलायला ऐंशीला लागते त्याच्या अडीच पटीहून अधिक ताकद ११० ला लागते. डिझेल तिथे जातं, वजनात नाही.

आता खटका. फोर बाय फोर कॅराव्हॅन ओढायला लागतेच असा बऱ्याच जणांचा समज आहे. डांबरी रस्त्यावर ती लागत नाही. उलट आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती पार्ट-टाइम असते, पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट बांधणारी. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. चिखलात टायर थोडा घसरून तो फरक भरून काढतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. कोरड्या रस्त्यावर ती लावायचीच नाही. लँड क्रूझर ३०० किंवा डिफेंडरसारख्या कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मधला डिफरन्शिअल हा फरक सोडवतो, तिथे अडचण नाही.

मग घ्यायची कशाला? मुक्कामाच्या जागेसाठी. पेंचकडे सिल्लारीला किंवा ताडोब्याकडे मोहर्लीला कॅराव्हॅन गेटच्या बाहेरच कुठेतरी लावायची असते, बहुधा कुणाच्या शेतात. रात्री पाऊस पडला आणि आपली काळी माती भिजली की सकाळी ती चाकाला पोळीसारखी लपेटते. टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. दोनच चाकांना जोर असलेली गाडी दीड टन घेऊन जागची हलत नाही. त्या पहिल्या पन्नास मीटरसाठी लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारा गिअर), चारही चाकं, हलका पाय. पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही इथे सगळ्यात वाईट, कारण मघाशी पाहिलं तसं बॉलवरचा भार नेमकी तीच चाकं हलकी करतो. अर्थात काळ्या मातीत फोर बाय फोरही रुतते. पाऊस दिसत असेल तर संध्याकाळीच मुरमाड जागी लावा. कोणती जागा मुरमाड, ते शेतमालकाला विचारा.

फ्रेमबद्दल थोडंच सांगतो. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, रॉक्स, गुरखा, हायलक्स, व्ही-क्रॉस या सगळ्या शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या. हिच सरळ त्या चौकटीला बोल्ट होतो, हे सोपं आणि भक्कम. पण "चौकट नाही म्हणजे ओढणार नाही" हे खरं नाही. नव्या डिफेंडरला वेगळी चौकट नाही, तरी परदेशात तिला ३५०० किलोंची मान्यता आहे. फरक बांधणीत आहे, आणि कंपनीने ती ओढण्यासाठी तपासलीय का यात.

कागद

इथे आपली अडचण आहे. ऑस्ट्रेलियात गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, एवढे किलो ओढा, बॉलवर एवढे ठेवा, गाडी आणि ट्रेलर मिळून एवढ्याच्या आत राहा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हे आकडे सापडत नाहीत. मग लोक त्याच नावाच्या परदेशी गाडीचा आकडा उचलतात. तसं करू नका. नाव एक असलं तरी स्प्रिंग, इंजिन, ब्रेक, कूलर, हिच लावायची जागा वेगळी असू शकते. डीलरकडून कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. उत्तर "नाही" आलं तर ती गाडी यादीतून काढा, कितीही आवडली असली तरी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे कॅराव्हॅनची स्वतःची नोंदणी, स्वतःची नंबर प्लेट, स्वतःचा विमा. कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, म्हणून कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून हिच ठोकून घ्यायच्या आधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला ओढकामाचं लेखी कळवा. अपघात झाल्यावर हा विषय पहिल्यांदा निघू नये.

टायरवर कडेला भाराचा जो आकडा असतो तोही वाचा. ११० म्हणजे त्या टायरला १०६० किलो. कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून वय होऊन जातात. कडेला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच नवी दिसली तरी वय बघा.

काकाजींनी शेवटी घेतलेली गाडी सगळ्यात ताकदवान नव्हती. डिझेल ऑटोमॅटिक, चौकटीवरची, दोन टनांच्या पुढची, चौघं बसल्यावरही बॉलवरच्या १२५ किलोंना जागा उरेल अशी, आणि जिच्या कंपनीने ओढायचं वजन लेखी दिलं अशी. दोन रविवार सकाळी बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर त्यांनी रिव्हर्सचा सराव केला. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरायचा आणि कॅराव्हॅनचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात हलवायचा, एवढं एकदा जमलं की भीती जाते. काकूंना ते काकाजींच्या आधी जमलं.

पहिली सहल मुद्दाम जवळची, रामटेकला. पहाटे निघालो, जबलपूर रोडने, सत्तरच्या वर काटा जाऊ दिला नाही. पोचल्यावर चहाच्या आधी कॅराव्हॅनच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघितला. उजवं कोमट, डावं चटका बसेल इतकं तापलेलं. तिकडचा ब्रेक थोडा घासत होता. जॅक लावला, ॲडजस्टर दोन खाच मागे फिरवला, चाक हाताने मोकळं फिरू लागलं. मग पान्याने दोन्ही बाजूंचे नट पुन्हा आवळले. नव्या कॅराव्हॅनचे नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिले होतात, आणि काकाजींच्या दहातले दोन नट पान्याखाली पाव-पाव फेरा फिरले.